फिटरची गाठ

मुलीने शिवणयंत्राचा खण ओढून काढला आणि कचऱ्याच्या पिशवीवर उपडा करायला धरला, तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं.

"थांब."

"बाबा, यात गंजलेल्या सुया आहेत, रिकाम्या बॉबिन आहेत, हा मेणाचा झिजलेला गोळा आहे. कोण वापरणार आहे हे?"

"परत यंत्रात बसव तो खण."

"सगळ्यासकट?"

"सगळ्यासकट. मेणाच्या गोळ्यासकट."

मुलीने वाद घातला नाही, पण खण बसवताना मुद्दाम आवाज केला. आईसारखाच. मग तिने यंत्राच्या मागे सरकलेला एक पुठ्ठा उचलला. नव्या शर्टाच्या घडीत असतो तसला पांढरा पुठ्ठा. त्याच्या कडांना कात्रीने बारा खाचा पाडलेल्या. अकरा खाचा रिकाम्या होत्या. बाराव्या खाचेत एक पारदर्शक दोरी गुंडाळलेली होती आणि तिच्या टोकाला हिरवी, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक दोरी जोडलेली.

"हे तरी टाकू?"

त्याने पुठ्ठा तिच्या हातातून काढून घेतला आणि शर्टाच्या आत, छातीशी सरकवला. मुलगी बघत राहिली. तिने पिशवीचं तोंड बांधलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बायको जाऊन चार महिने झाले होते. चार महिन्यांत तो तलावावर मासे धरायला गेला नव्हता. त्याची फायबरची जुनी रॉड दाराच्या मागे उभी होती आणि तिच्यावरचं रील उन्हाळाभर फिरलं नव्हतं. आणि पुठ्ठ्यावर ती शेवटची एकच लीडर उरली होती.

तलावातला बास हा मासा डोळ्यांनी तिखट असतो. रीलवरची हिरवी दोरी मजबूत, पण ती त्याला पाण्यात दिसते आणि तळाच्या दगडांवर घासून तुटते. म्हणून गळाच्या आधी हातभर जाड, पारदर्शक दोरी लावायची. ती लीडर. बारीक दोरी आणि जाड दोरी जिथे जोडली जाते ती गाठ, तिथेच सगळं जिंकतं किंवा हरतं. मासा मोठा लागला, की बहुतेकांची तिथेच निसटते. त्याची कधी निसटली नव्हती. तलावावर तिला फिटरची गाठ म्हणत. तो कारखान्यात फिटर होता, म्हणून तोही फिटर.

गाठ बायको बांधायची.

ती लोकांचे कपडे शिवायची. कोटाचं बटण टाकताना कापड आणि बटण यांच्यामध्ये दोऱ्याचे वेढे देऊन ती एक देठ तयार करायची, तसेच वेढे तिने एकदा त्याच्या दोरीला देऊन पाहिले. त्या रविवारी त्याने पावणेतीन किलोचा बास काढला. तलावावरच्या त्याच्या जोडीदाराने, कॅप्टनने, गाठ डोळ्यांजवळ धरून विचारलं, "ही कुठे शिकलास रे?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कारखान्यात."

घरी येऊन त्याने तिला सांगितलं. ती यंत्रावरून वर न बघता म्हणाली, "मग आता अहो फिटर, माझं तोंड बंद ठेवायचं काय देणार?"

"काय हवं?"

"शनिवारची भांडी."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ती खिडकीपाशी बसून बाराच्या बारा लीडर बांधायची आणि तो भांडी घासायचा. एकवीस वर्षं. पाहुणे असले तरी. ताप असला तरी. एकदा कंटाळून तो म्हणाला होता, "आज राहू दे." तिने नुसता फोन उचलून हातात धरला आणि विचारलं, "कॅप्टनचा नंबर काय हो?"

ती गेल्यावरही शनिवारी तोच भांडी घासत होता. मुलगी म्हणायची मी करते. तो तिला खांद्याने बाजूला सारायचा.

दारावरची घंटा वाजली. कॅप्टन होता. हा आयुष्यात कधी बोटीवर चढला नव्हता. बंदरावर कारकून होता, पण टोपी बोटीवरच्यासारखी घालायचा. आल्या आल्या त्याने दारामागची रॉड हातात घेऊन वाकवून पाहिली.

"अजून हीच काठी? अरे, याने गुरं हाकतात."

"तुझ्या कार्बनच्या रॉडने दात कोरतात."

"आणि हे रील. आजोबांच्या सायकलच्या घंटीसारखं वाजतं. माझ्यासारखं बेटकास्टर घे, अंगठ्याच्या इशाऱ्यावर चालतं."

"गेल्या वर्षी तू अर्धा दिवस त्याचा गुंता सोडवत बसला होतास. मासे तुझ्याकडे बघून जात होते."

मुलगी चहा घेऊन आली. कॅप्टनने तिची चौकशी केली, कप हातात घेतला आणि मग ज्यासाठी आला होता ते बोलला.

"मी नवीन गाठ शिकलोय. तुझी आता जुनी झाली. येत्या रविवारी वजनकाटा आणतो. माझी गाठ आणि तुझी, सगळ्यांच्या देखत ताणायची. हरलास तर ती बांधणं सोडून दे."

"आणि तू हरलास तर?"

"माझी कार्बनची रॉड तुझी."

"ती मी माळ्यावरसुद्धा ठेवणार नाही."

"म्हणजे येत नाहीस?" कॅप्टनने कप खाली ठेवला. "नको येऊस. मी सांगतो सगळ्यांना, फिटर थकला."

"रविवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

कॅप्टन गेल्यावर मुलगी रिकामे कप हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"बाबा, गाठ तर आई..."

"माहीत आहे मला."

"मग सांगून टाका ना. नाहीतर जाऊ नका. बरं नाही म्हणून फोन करते मी."

"मला बरं आहे."

"एकच उरली आहे ती. तीही तोडायची का त्या काट्यावर? कुणासाठी?"

छातीशी ठेवलेला पुठ्ठा बाहेर काढून त्याने पुन्हा खाच तपासली.

सोमवारपासून तो खिडकीपाशी तिच्या स्टुलावर बसायला लागला. त्याचा उजवा अंगठा आणि मधलं बोट धड होतं. तर्जनीचं पहिलं पेर तिशीत कारखान्यातल्या यंत्राने खाल्लं होतं. जाड दोरी दातात धरून तो बारीक दोरीचे वेढे देई. एक वरून, एक खालून, असे अठरा. तिला करताना त्याने हजार वेळा पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे भांडी घासता घासता, मान वळवून. गाठ दिसायला तंतोतंत तशी होई. मग तो एक टोक दाराच्या कडीला अडकवून ओढी आणि गाठ मोजा उतरावा तशी सरसरत निघून येई.

मंगळवारी सात गेल्या. बुधवारी पाच. गुरुवारी त्याने अर्धं रीळ खिडकीतून बाहेर भिरकावलं आणि नंतर खाली जाऊन शोधून आणलं. शेजारच्या लाँड्रीवाल्याने विचारलं, "काय हरवलं काका?" तो म्हणाला, "काही नाही."

शनिवारी त्याने एकट्याचं ताट, एकट्याची वाटी आणि कढई घासली. हात पुसले. पुठ्ठा शर्टात घातला आणि तिथेच ठेवून झोपला.

रविवारी सकाळी तलावावर सातआठ जण जमले होते. कॅप्टनने झाडाच्या आडव्या फांदीला वजनकाटा टांगला होता. इलेक्ट्रिशियन होता, टपाल वाटणारा होता, दोघे भाऊ होते जे कायम एकमेकांशी भांडत आणि एकाच पेटीतले गळ वापरत. त्याला पाहून इलेक्ट्रिशियनने बसायला आपला डबा सरकवला. तो बसला नाही.

"पहिला तू," तो कॅप्टनला म्हणाला.

कॅप्टनने आपली दोरी काट्याला अडकवली आणि हातमोजे घालून हळूहळू खाली ओढायला लागला. काटा सरकत गेला. पाच. सात. आठाला थोडा थरथरला आणि गाठ निसटली. कॅप्टन दोन पावलं मागे जाऊन कसाबसा सावरला.

"आठ!" धाकटा भाऊ ओरडला.

त्याने पुठ्ठा काढला. बाराव्या खाचेतली दोरी सोडवताना त्याला वेळ लागला. दोरीला खाचेचे पीळ बसले होते. ते त्याने बोटांनी सरळ केले. मग हिरवं टोक काट्याला बांधलं, पारदर्शक टोक हातातल्या एका काठीला गुंडाळलं आणि एकदाही न थांबता ओढलं.

सात. आठ. नऊ. कुणीतरी "अरे" म्हणालं. साडेनऊला चाबकासारखा आवाज झाला आणि तो ढुंगणावर चिखलात बसला.

इलेक्ट्रिशियन धावत काट्याकडे गेला. "लीडर तुटली! मधोमध. गाठ तशीच आहे!"

हिरव्या दोरीच्या टोकाला गाठ होती. बोटाच्या पेराएवढी, घट्ट, आणि तिच्यापुढे वीतभर पारदर्शक दोरी लोंबत होती.

कॅप्टनने त्याला हात देऊन उठवलं. टोपी काढली. "मानलं फिटर. हात आहे तुझा."

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. गाठही राहिली होती आणि नावही. त्याने पाठीमागचा चिखल झटकला, कॅप्टनच्या समोर जाऊन उभा राहिला आणि भांडण उकरावं तसा म्हणाला,

"माझा हात नाही. ही माझ्या बायकोची गाठ. मला ती येत नाही. कधीच येत नव्हती. आठवडाभर बसलो तरी आली नाही. एकवीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. आता कुणाला काय बोलायचंय ते बोला."

इलेक्ट्रिशियन आपल्या डब्यातले गळ नीट लावायला लागला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते. कॅप्टनने घसा खाकरला.

"हं."

"हं काय?"

"नाही, म्हणजे... माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अरे, तुला त्या अर्ध्या बोटाने शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. आणि ही दोरी अठरा वेळा गुंडाळतोस होय तू?" कॅप्टनने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "शिवाय वहिनींनी आमच्या हिला सांगितलं होतं. ब्लाउज टाकायला गेली होती ती."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी."

"तुम्हाला सगळ्यांना?"

टपाल वाटणाऱ्याने मान हलवली. इलेक्ट्रिशियननेही, वर न बघता.

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"तंबी होती ना. त्याला कळू देऊ नका म्हणून." कॅप्टन ओशाळल्यासारखा हसला. "कळलं तर शनिवारची भांडी बंद होतील म्हणाल्या."

फिटरचा जबडा हलला. सगळ्यांना वाटलं आता हा रडणार, म्हणून टपाल वाटणारा अर्धं पाऊल पुढे आला. पण त्याच्या घशातून निघालं ते हसू होतं. कोरडं, खोकल्यासारखं, बऱ्याच दिवसांनी सुरू केलेल्या मोटारीसारखं.

"चोर," तो म्हणाला. "पक्की चोर."

काट्यावरून गाठ कापून त्याने खिशात घातली.

"रॉड घेऊन जा," कॅप्टन म्हणाला. "बोललोय मी."

"ठेव तुझ्याकडेच. दात कोर."

आणि हिरव्या दोरीलाच थेट गळ बांधून त्याने दुपारपर्यंत मासे धरायचा प्रयत्न केला. एकही लागला नाही. कॅप्टनने दोन काढले आणि दोन्ही वेळा त्याच्याकडे बघितलं. त्याने एकदाही बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मुलगी आली, तेव्हा मोरीत ताट, वाटी, कढई आणि दोन पातेली पडली होती. कढईच्या कडेला आमटी वाळली होती.

"बाबा, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग भांडी?"

"राहू दे तशीच. बसू दे तुझ्या आईला बघत." तो खिडकीपाशी स्टुलावर बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर. "तूही हात लावायचा नाहीस."

मुलगी काही विचारणार होती. मग ती यंत्राच्या कडेला टेकून उभी राहिली आणि त्याचे हात बघायला लागली.

त्याने गाठ यंत्राच्या पट्टीवर ठेवली होती आणि बायकोच्या उसवायच्या सुईचं टोक पहिल्या वेढ्याखाली घालत होता. वेढा हलेना. चौथ्या वेळी हलला, आणि त्याच्या अंगठ्याच्या नखात काहीतरी पिवळट, चिकट आलं. त्याने ते दोन बोटांत चोळलं. नाकाशी नेलं.

मग मान न वळवता त्याने डावा हात मागे केला, मुलीकडे.

"खण उघड," तो म्हणाला. "तो मेणाचा गोळा दे."