कुठला व्हय खरा

गोव्यातल्या पार्से गावच्या पांडुरंगाच्या फोनात तिघे जण राहत होते आणि तिघांनाही त्यानं नावं ठेवली होती. माणसं नव्हेत ती, एआयवाले. विचारलं की उत्तर देतात, झोप नाही, चहा नाही, पगार नाही. पांडुरंग मांद्र्याच्या गेस्टहाऊसवाल्यांची गिऱ्हाईकं टॅक्सीतून फिरवायचा, त्यामुळे दिवसाकाठी पन्नास भानगडी, आणि प्रत्येक भानगडीला कुठला गडी लावायचा हे त्याला आता पक्कं कळलं होतं.

पहिला भटजी. लिहायला बसला की थांबायचा नाही, पण इंग्रजी असं, की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. एका परदेशी बाईनं पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याची तक्रार केली, तेव्हा भटजीनं कोंबड्याच्या वतीनं अशी माफी लिहून दिली की बाई पुढच्या वर्षी तीच खोली मागून आली आणि आल्या आल्या कोंबडा कुठं म्हणून विचारायला लागली. कोंबडा तोवर वड्यांबरोबर गेला होता.

दुसरा वकील. वीजबिलाचा, विम्याच्या कागदाचा फोटो दाखवला की बारीक अक्षरातली मेख बरोबर शोधून काढायचा. पण पेजेत मीठ किती घालू विचारलं तरी म्हणायचा, आधी डॉक्टरांना विचारा.

तिसऱ्याची बोली सगळ्यात गोड. मालवणीत विचारा, मालवणीत बोलणार. खोट एवढीच, की तो कशालाच नाही म्हणत नसे. समुद्राचं पाणी उकळून फेणी काढतो म्हटलं तर म्हणाला, काय सुंदर कल्पना आहे तुमची.

दुपारचं जेवण झालं की त्याचा जुना मित्र दत्तप्रसाद, म्हणजे दत्तू, त्याच्या घरच्या सोप्यावर ह्या तिघांची कुस्ती लागायची. प्रश्न एकच, उत्तरं तीन, पंच दत्तू. दत्तू आणि पांडुरंग दोघंही एके काळी डिचोलीला खनिजाचे ट्रक चालवणारे. खाणी बंद पडल्या तसा पांडुरंग टॅक्सीकडे वळला आणि दत्तू काजूच्या बागेकडे. दत्तू पंच म्हणून बसायचा तो अगदी न्यायाधीशासारखा, कारण गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. वाड्यावरच्या देवळात गाऱ्हाणं तो घालायचा. नारळ हातात घेऊन देवासमोर उभं राहायचं, सगळ्या वाड्याच्या वतीनं एकेक मागणं मोठ्यानं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर मागे उभ्या लोकांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." दत्तूचा आवाज असा, की देव झोपला असला तरी कूस बदलून ऐकेल.

तिसऱ्या एआयचं बारसं त्यानंच केलं होतं.

"ह्यो व्हयकार," तो म्हणाला होता. "देवळात मागे उभे रवतत ना, तसलो. काय मागतंय ता ऐकूचा नाय, नुसता व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. ह्येच्यार इस्वास ठेवू नको, पांडग्या."

उठताना पांडुरंग रोज विचारायचा, "उद्या येव काय रे?" आणि दत्तू रोज म्हणायचा, "नको. तुझ्या तोंडाक बघून माझी पेज आंबता."

मग काजूच्या दिवसांत, बागेत बोंडू वेचताना, दत्तू खाली बसला तो उठलाच नाही. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात नर्सनं नाव विचारलं. दत्तूनं तोंड उघडलं, शोधलं, पुन्हा शोधलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच:

"व्हय म्हाराजा."

दुसरं काहीच उरलं नव्हतं. पाणी हवं? व्हय म्हाराजा. पाणी नको? व्हय म्हाराजा. डिचोलीला वाचेचे व्यायाम शिकवणारी क्षमा म्हणून मुलगी होती, तिनं दत्तूच्या बायकोला, ताराला, समजावून सांगितलं. सवयीचे बोल मेंदूत वेगळ्या जागी राहतात, बाकीचं गेलं तरी कधीकधी तेवढे वाचतात.

"पण बाय, ह्येंची सवय मागूची," तारा म्हणाली. "व्हय म्हणूची नाय. व्हय म्हणायचे ते लोक."

"आयुष्यभर कानावर पडलं, तेही सवयीचंच ना," क्षमा म्हणाली.

तारा दत्तूकडे वळली. दत्तूच्या ओठाच्या कडेला आलेली लाळ तिनं पदरानं पुसली.

दर आठवड्याला दत्तूला डिचोलीला न्यायचं काम पांडुरंगानं आपल्याकडे घेतलं. भाड्याचं नाव ताराला काढू दिलं नाही. गाडीत दोघंच असायचे, आणि पांडुरंग म्हणजे पांडुरंग. गप्प बसणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"दत्तू, तू गाढव आसस मरे?"

"व्हय म्हाराजा."

"आनी माझ्यापरीस देखणो गडी अख्ख्या पेडण्यात नाय?"

"व्हय म्हाराजा."

दत्तूच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. अर्धं हसू, पण हसू. पांडुरंगाला तेवढं पुरायचं. दर खेपेला तो नवीन प्रश्न शोधून आणायचा, शाळेतल्या मास्तरांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना दत्तूच्या व्हयनं गाढव ठरवून मोकळा व्हायचा.

एकदा परतताना डिचोलीबाहेर जुने ट्रक उभे होते तिथं गाडी हळू झाली. गंजलेले, टायर बसलेले, टपावर गवत. त्यातला एखादा आपलाही असेल. दत्तू मान वळवून बघत होता. पांडुरंगानं त्याच मस्करीच्या सुरात विचारलं,

"कंटाळलस काय रे जगाक?"

"व्हय म्हाराजा."

पांडुरंगानं हसू बघायला मान वळवली. चेहऱ्याची डावी बाजू हसत नव्हती.

त्यानं गिअर टाकला आणि गाडी ट्रकांसमोरून पुढं काढली.

व्हय तोच होता. गाढव म्हटल्यावर आला तोच. पण हा व्हय पांडुरंगाच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मांद्र्याला गिऱ्हाइकाची वाट बघत असताना त्यानं तिघांनाही तेच विचारलं. माझा मित्र सगळ्यालाच हो म्हणतो. जगायला कंटाळलास का म्हटलं, तर हो म्हणाला. हे खरं कसं ओळखायचं?

भटजीनं निबंध लिहिला, पण कामाचा लिहिला. अशा रुग्णाच्या होकारावर भरवसा ठेवू नका, प्रश्न उलटा करून विचारा, चित्रं दाखवून बोट ठेवायला सांगा. वकील म्हणाला, हे मनाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, थट्टेवारी नेऊ नका, डॉक्टरांना आजच सांगा. पहिल्यांदाच पांडुरंगाला वकिलाचा राग आला नाही. व्हयकारानं गोड मालवणीत लिहिलं, तुमी किती बरे दोस्त आसात.

पांडुरंगानं प्रश्न उलटा केला. "कंटाळो येवक नाय मरे तुका?"

"व्हय म्हाराजा."

म्हणजे काहीच कळलं नाही. त्यानं चित्रांचे कागद छापून आणले, हसरा चेहरा, रडका चेहरा, पेजेचं ताट, खाट. दत्तूनं ते एकदा बघितले आणि डाव्या हातानं सोप्यावरून खाली लोटले. क्षमाच्या कानावर घातलं, तेव्हा तिनं सगळं शांतपणे ऐकून डॉक्टरांशी बोलते म्हणून सांगितलं. गोळी सुरू झाली. ताराला मात्र पांडुरंग काही बोलला नाही. तिला काय सांगणार? तुझा नवरा कंटाळलाय, किंवा कंटाळलेला नाही?

देवळाचा वर्धापनदिन जवळ आला तसे देवस्थानचे महादेवबाब पांडुरंगाच्या दारात येऊन उभे राहिले.

"गाऱ्हाणां तू घाल," म्हणाले.

"मी? बाब, माझा ऐकान देव हसात."

"हसू दी. दत्तूच्या बाजूक उभो रवान सगळ्यांत जास्ती तूच ऐकलंस."

ऐकलं होतं खरं, पण पांडुरंगाचं अर्धं लक्ष नेहमी पुढच्याच्या शर्टाला शेपटी लावण्यात असायचं. तो पुन्हा तिघांकडे गेला. भटजीचं गाऱ्हाणं सरकारी परिपत्रकासारखं निघालं, 'समस्त ग्रामस्थांच्या वतीने नम्र विनंती की'. वकिलानं गाऱ्हाणं दिलंच नाही. उलट विचारलं, वाड्यावर कोण आजारी आहे, कोण परदेशी गेलंय, कोणाच्या घरी लग्न अडलंय, आधी हे गोळा करा. व्हयकारानं झरझर लिहून दिलं आणि भाषा अशी लागली की पांडुरंगाच्या अंगावर काटा आला. मग त्यानं वकिलाचे प्रश्न घेऊन वाडा पालथा घातला आणि मिळालेलं सगळं व्हयकाराच्या तोंडी घातलं. एकट्या कुणाच्यानं झालं नसतं.

तयार झालं तसं सोप्यावर बसून दत्तूला वाचून दाखवलं. प्रत्येक ओळ संपली की दत्तू म्हणायचा, "व्हय म्हाराजा." बरोबर जागेवर. तारा पेजेचा टोप तसाच ठेवून खिडकीशी येऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "एक ओळ घालशात? ह्येंका बरे कर म्हणान. ह्येणी आमच्या घराक कधी कायच मागूक नाय. मागणाऱ्यान आपल्या घराक मागूचा नसता म्हणायचे. आता मागणारे तुमी."

"घालतंय," पांडुरंग म्हणाला.

ती ओळ त्याला स्वतःसाठीही हवी होती. देवासमोर विचारल्यावर तरी दत्तूच्या मनातलं कळेल, असं त्याच्या मनात आलं. हे त्यानं ताराला सांगितलं नाही.

वर्धापनदिनाला दत्तूला खांबाशी खुर्ची टाकून बसवलं, धुतलेला सदरा, कपाळाला गंध. पांडुरंगानं नारळ हातात घेतला. फोन सदऱ्याच्या खिशात होता, पण काढावा लागला नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी लेकरां तुझ्या पायांकडे जमली हत, तेंची सेवा मानून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

लोकांच्या आधी एक आवाज आला. जाड, खणखणीत. पांडुरंगाला मागे वळायची गरज नव्हती.

"परमुलखाक पोटासाठी गेले, दर्यार गेले, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इतके महिने दत्तूचा शब्द जिथं पडला तिथं चुकीचाच पडला होता. पाण्याला, औषधाला, नाव विचारणाऱ्याला. आज तो जिथं हवा तिथं पडत होता. आयुष्यभर पुढं उभा राहिलेला माणूस आज मागच्या लोकांत बसून सगळ्यांच्या पुढं होता. बायका डोळे पुसायला लागल्या. महादेवबाब छताकडे बघत राहिले.

पांडुरंग वळला. ही ओळ त्याला दत्तूकडे बघून म्हणायची होती.

"ज्या तोंडान तुझ्यासमोर सगळ्यांसाठी मागला, त्या दत्तूक बरो कर, तेका आयुष्य दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." देऊळ घुमलं.

दत्तूचं तोंड मिटलेलं होतं.

ऐकू गेलं नसेल. पांडुरंगानं ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. लोक आणखी जोरात म्हणाले. दत्तू सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता, आणि तोंड मिटलेलं होतं.

पांडुरंग पुन्हा देवाकडे वळला. तो पुढच्या ओळीवर गेला.

"गुराढोरांक चारो पाणी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." दत्तू पुन्हा सगळ्यांच्या आधी.

प्रसाद वाटताना तारा त्याच्याकडे आली. रडत होती, पण चेहरा उजळलेला होता.

"बघितलात, भावजी? आपल्या घराक मागूचा नाय म्हणान व्हयसुद्धा म्हणूक नाय. सगळा समजता तेंका. माझो माणूस आत हा. तसोच हा."

"हा," पांडुरंग म्हणाला. "तसोच हा."

तिचं खरं असेल. दत्तूला ओळखणारा कुणीही तेच म्हणाला असता. पण दुसरंही खरं असू शकत होतं. आयुष्य मागितलं, आणि त्याला ते नको होतं. सगळ्याला व्हय म्हणणाऱ्या माणसानं एकाच मागण्याला व्हय म्हटलं नव्हतं.

गाडीत बसून त्यानं फोन काढला. भटजीनं दोन्ही शक्यता मांडल्या, कुठली खरी ते आपल्याला सांगता येणार नाही म्हणाला. वकिलानं पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. व्हयकाराला त्यानं ताराचं म्हणणं लिहिलं. व्हयकार म्हणाला, अगदी बरोबर ओळखलात. मग त्यानं आपली भीती लिहिली. व्हयकार म्हणाला, अगदी बरोबर ओळखलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडुरंग नेहमीसारखा सोप्यावर जाऊन बसला. कुस्ती लावली नाही. कोंबड्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, आणि कोंबडा वड्यांबरोबर गेला तिथं दत्तूच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. रस्त्यानं पाववाला पोदेर पोंपों करत गेला, तारानं त्याला थांबवून उंडे घेतले. पांडुरंग उठला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"उद्या येव काय रे?"

तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. दत्तूनं मान वर केली, ओठ हलायच्या बेतात आले. मस्करी केली की समोरच्याचं तोंड बघत थांबायचं, ह्यावर पांडुरंगाचा सगळा जन्म गेला होता. आज, व्हय येतो की येत नाही हे बघायला, तो थांबला नाही. पायऱ्या उतरला, गाडीत बसला, रेडिओ मोठा केला, आणि आरशात न बघताच गाडी रस्त्यावर घेतली.