पहिल्या ओळीतलं नाव

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. माझं नाव रंगारी. संगणकाच्या भाषेत कुणी काही लिहिलं की त्यातले शब्द ओळखून रंगवायचे, एवढंच माझं काम. भाषेचे ठरलेले शब्द निळे, माणसासाठी लिहिलेल्या टिपा हिरव्या, अवतरणातला मजकूर तांबडा. अवतरण बंद करायचं राहिलं, तर पुढचं सगळं पान तांबडं व्हायचं आणि चूक लांबूनही दिसायची.

माझा जन्म १९९७ सालचा, भोरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमधला. तिथं नसरीनबाई मुलाणी शिकवत. काळ्या पडद्यावर सगळी अक्षरं एकसारखी पांढरी दिसायची. हिर्डोशीहून येणारा कुंडलिक त्यात हमखास चुकायचा. इंग्रजी कच्चं, एसटी चुकली तर अर्धी वाट पायी, आणि आठवड्यातून एकच तास संगणक मिळायचा. तोही एक स्वल्पविराम शोधण्यात जायचा.

"बाई, मला न्हाई जमायचं ह्ये," तो एकदा उठून म्हणाला.

"बस खाली," नसरीनबाई म्हणाल्या. "पुढच्या येळंला जमंल."

बाजाराच्या दिवशी क्लासला सुट्टी असे. असे चार बाजार त्या एकट्या बसल्या आणि त्यांनी मला लिहिलं. माझ्या पहिल्या ओळीत त्यांनी आपलं नाव आणि गाव टाकलं. कुंडलिकनं पडदा पाहिला आणि तो हसला. "बाई, आता समदं कळतंय की!"

कुंडलिक शिकला, पुण्याला नोकरीला लागला. जाताना फ्लॉपीवर मला घेऊन गेला. त्याच्या कंपनीत माझं कौतुक झालं. पण मित्रांनो, भाषा वाढत होती आणि मी होतो तिथंच होतो. टिपा लिहायची नवी पद्धत आली, ती मला ठाऊक नव्हती. टिपेत एखादं अर्धं अवतरण आलं, की मी बावचळून उरलेलं सगळं पान तांबडं करायचो. लोक मला शिव्या घालू लागले.

२००३ साली कुंडलिकचा क्लासवर फोन आला. "बाई, तुमीच काय ते करा. हितं कुणाला उमगंना."

नसरीनबाईंनी माझ्यावर आठ महिने काम केलं. जुना सांगाडा मोडून त्यांनी मला नव्यानं उभं केलं. पूर्वी मी एकेक ओळ सुटी वाचायचो. आता मागं काय चाललं होतं हे लक्षात ठेवायला शिकलो. सुट्टीत त्या शिकवण्या घेत, तो वेळही माझ्यात गेला. सासरकडच्या एका लग्नाला जाणंही त्यांनी टाळलं. मग मला पुण्याला पाठवलं.

काही महिन्यांनी मला घेऊन कंपनीची सीडी क्लासवर आली. नसरीनबाईंनी कौतुकानं मला उघडलं. पहिल्या ओळीत कुंडलिकचं नाव होतं.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग फोन लावला.

"सायबांनी टाकाय लावलं, बाई," तो म्हणाला. "भोरच्या क्लासचं नाव बघून कुणी इचारलं असतं का? तुमीच सांगा."

नसरीनबाईंनी फोन ठेवला आणि त्या पुढच्या तुकडीला शिकवायला उठल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

तीन वर्षांत कंपनीच्या फायली फुगल्या. मोठी फाईल उघडली की मी अडकून पडायचो. कुंडलिकनं माझ्यात हात घातला आणि मी आणखीच बिघडलो. शेवटी तो मोटारसायकलवरून भोरला आला. पहिल्या ओळीतल्या त्या नावावरच त्याला वरचं पद मिळालं होतं; आता नोकरीच पणाला लागली होती.

"बाई, एवढी येळ निभावून न्या. तुमचं नाव परत टाकतो."

नसरीनबाईंनी माझी फाईल उघडली. चूक त्यांना लगेच दिसली; त्यांचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं. मला वाटलं, आता वाचलो.

"चूक कळली मला," त्या म्हणाल्या. "पण नाव तुझं आहे ना? मग दुरुस्तीही तूच कर."

"बाई, मला न्हाई येत."

"ते तर नाव टाकलंस तेव्हाच कळायला हवं होतं."

तो चहा न घेता गेला. कंपनीनं दुसरा रंगारी आणला. क्लासमधून मला नसरीनबाईंनी स्वतःच्या हातानं पुसलं. मी राग धरला, पण कुणावर धरावा ते कळेना. माझी एक प्रत तेवढी उरली; आता त्यांच्या घरच्या कपाटात एका जुन्या फ्लॉपीवर मी पडून आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूची निगा राखा असं तुम्हाला नेहमी सांगतात. मी एवढंच म्हणतो, ती निगा राखणाऱ्या माणसाचीही राखा. त्याला थँक्यू म्हणायचं तर तो काम करत असतानाच म्हणा.

क्लास बंद झाला. नसरीनबाई रोज एसटीनं वेल्ह्याला जातात, लोकांचे अर्ज टाइप करून देतात. परवा शेजारच्या अंबूबाई नातीला घेऊन आल्या होत्या. कपाटातून मी ऐकलं.

"नसरीन, तू संगणक शिकवायचीस नव्हं? हिला जरा शिकीव की."



"न्हाई मावशी," नसरीनबाई म्हणाल्या. "ती मी नव्हं."