उंची बारा मीटर

पिंजरे लावणाऱ्या त्या माणसाला सगळे खार म्हणत. ऐन उमेदीत तो सरळसोट झाडावर दोर न बांधता चढायचा, म्हणून. आता पन्नाशी उलटली होती, एक गुडघा कामातून गेला होता, नाव मात्र चिकटून बसलं होतं.

संशोधन केंद्रातल्या मॅडमनी त्याला तीन वर्षांसाठी घेतलं होतं ते एकाच कामाला: झाडउंदीर शोधायचा. हा घरातली पोती कुरतडणारा उंदीर नव्हे. ओंजळीत मावेल एवढा, तांबूस पाठीचा, झुपकेदार शेपटीचा हा जीव उंच झाडाच्या ढोलीत जन्मायचा, शेंड्याची फळं खायचा आणि जमिनीला पाय न लावता मरायचा. जगात कुठे उरला असेलच तर या टेकडीच्या जंगलात, आणि इथेही दहा वर्षांत तो कुणाच्या नजरेला पडला नव्हता. सापडला तर जंगल राखीव राहणार होतं. नाही सापडला तर तोडायला मोकळं. म्हणून पिंजरे बारा मीटरवर बांधायचे, रोज सकाळी बघायचे, वहीत लिहायचं.

पहिल्याच महिन्यात खार फांदीवरून पडला. कुणी पाहिलं नाही. रात्री गुडघा शेकताना बायको म्हणाली, "अहो, मॅडमना सांगून टाका." सांगितलं असतं तर कुणी तरणाबांड त्याच्या जागी आला असता आणि खार घरी बसला असता. दुसऱ्या दिवसापासून पिंजरे छातीच्या उंचीला लागले. वहीत तो लिहायचा: उंची बारा मीटर, सापडले शून्य.

आणि लबाडीसुद्धा माणूस किती मन लावून करतो बघा. केळ्याचा तुकडा रोज ताजा, पिंजऱ्याच्या दारांना तेल, एक दिवस खाडा नाही. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या खोलीत बसून वही तपासायच्या. झाडं तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

तीन वर्षं संपली. दुर्मीळ प्राण्यांच्या यादीत झाडउंदरापुढे 'बहुधा नामशेष' असं लागलं आणि करवती आल्या. टेकडीची एक बाजू बोडकी झाली तेव्हा मॅडम त्या नोंदीचं पत्र घेऊन खोलीत आल्या.

"वाईट वाटून घेऊ नका, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हजार दिवस शोधलंत. आपण शोधलं नाही असं तरी कुणी म्हणणार नाही."

त्या रागावल्या असत्या तर खारने ऐकून घेतलं असतं. हे शब्द मात्र त्याला सोसवेनात.

"मी वर चढलोच नाही, मॅडम."

"कधी?"

"पहिला महिना सोडला तर कधीच नाही."

मॅडम वही उघडून पानं उलटत राहिल्या. सगळीकडे तेच सुबक अक्षर होतं. वही मिटून म्हणाल्या, "सगळ्यांनी याच वहीच्या भरवशावर सही केली, दादा. मीसुद्धा."

त्याच दुपारी खार ओढ्याकाठी गेला. उंच झाडांची एक रांग तेवढी शिल्लक होती. बायको खाली उभी राहून त्याला नाही नाही ते बोलत होती आणि बोलता बोलता दोर धरत होती. गुडघ्यातून कळा येत होत्या. दीड तास लागला. पिंजरा बांधून त्याने मोजपट्टी खाली सोडली. बारा मीटर भरले.

सकाळी तो पुन्हा वर चढला तेव्हा पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत झाडउंदीर होता, अंग आक्रसून, टपोऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत. एका पिंजऱ्यात, एका दिवसात. म्हणजे तीन वर्षं हे जीव त्याच्या डोक्यावरच राहत होते. खार फांदीला मिठी मारून रडला.

पिंजरा खाली आल्यावर मॅडमनी फोटो काढले, वजन केलं, मग वनखात्याच्या कार्यालयाला फोन लावला. बोलणं फार लांबलं नाही.

"पाहणीला माणूस पाठवतील," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"दोन महिन्यांनी. तोपर्यंत दिलेली परवानगी थांबवता येत नाही म्हणतात."

माणसं रांगेच्या दुसऱ्या टोकाला करवती घेऊन आलीच होती. मॅडम त्यांच्याकडे नोंदीचा कागद नाचवत गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं, तोडीच्या परवानगीचा कागद दाखवला आणि करवत सुरू केली. पहिलं झाड पडलं तशी पायाखालची जमीन हादरली. पिंजऱ्यातला जीव कोपऱ्यात दडला.

खारने वही उघडली. उंची बारा मीटर, सापडले एक. पहिल्या महिन्यानंतर ही ओळ आज पहिल्यांदा खरी होती. तिच्यापुढचा एक रकाना भरायची आजवर कधी वेळच आली नव्हती: कोठे सोडले. नियम साधा होता. ज्या झाडावर सापडला, त्याच झाडावर सोडायचा.

पिंजरा मांडीवर घेऊन, पेन हातात धरून तो त्या झाडाखाली बसून राहिला. त्याच्या आणि करवतीच्या मध्ये अजून चार झाडं होती.