साहेबांशी बरोबरी

दुसऱ्याच खेळीला देवूनं राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं आणि फुकट मारायला दिलं.

“गँबिट!” समोरून खंडेराव साहेब गुरगुरले.

देवूला वाटलं, इंग्रजीतून आईवर शिवी आली. तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं, तेव्हा बोईसरच्या एका ठेकेदाराच्या गोदामावर तो हंगामी शिपाई होता आणि साहेब त्या गोदामाचे मुख्य. त्यांच्या डावाशेजारी चहाचा ट्रे धरून उभ्याउभ्याच तो बुद्धिबळ शिकलेला. प्यादं फुकट देऊन हल्ल्याला वाट करायची ही गँबिटची चालही त्यांचीच चोरलेली, फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. पालघरच्या वाचनालयानं स्पर्धा भरवली आणि चिठ्ठ्यांत नेमकी हीच जोडी निघाली.

सकाळीच साहेबांनी दम भरला होता, “मुद्दाम हरलास, तर सोमवारी कामावर यायचं नाही.”

त्यावर गोदामाचा कारकून बन्सी कानाशी लागला, “आन् जिंकलास, तर सोमवारी मलाच तुला फाटकात अडवावं लागंल, भावा!”

चार तास झाले. देवूला असा घाम फुटला, की टेबलाखालून उंबरठ्यापर्यंत ओहोळ गेला आणि वाचनालयाच्या मांजरीनं त्यात पंजे धुऊन घेतले. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती आता नाही, एवढीच अडचण.

देवूचा वजीर शह देई, साहेबांचा राजा कोपऱ्यात शिरे. पुन्हा शह, राजा पुन्हा बाहेर. मात काही सापडेना. आणि शह थांबवला, तर पुढच्याच खेळीला देवूवर मात.

“पटावर तिसऱ्यांदा तीच मांडणी आली,” पंच विश्राम मास्तर म्हणाले. “बरोबरी हवी तर इथल्या नियमानं साहेबांना तोंडानं विचार, देवू.”

देवूनं आधी दाराकडं पाहिलं. पावसात साहेबांच्या छत्रीत शिरलेल्या एका हमालाला साहेबांनी एवढंच विचारलं होतं, “माझ्याशी बरोबरी करतोस?” दुसऱ्या दिवशी त्याचं नाव हजेरीत नव्हतं.

“अरे, बोल की!” मास्तरांनी टेबलावर टिचकी मारली.

“सायेब...” देवूनं डोळे मिटून घेतले. “आमी... तुमची... म्हंजे डावाची हो... बरोबरी हाय का नाय?”

साहेबांनी कपाळ पुसलं.

“हाय,” ते म्हणाले.

मास्तरांनी दोघांच्या नावांपुढं अर्धा अर्धा गुण लिहिला. देवू सवयीनं उठून बाक भिंतीकडे ओढू लागला, तर दुसरं टोक आपोआप उचललं गेलं.

“सोमवारी लवकर ये,” त्या टोकाकडून साहेब म्हणाले. “माझा वजीर कुठं चुकला, ते दाखव.”

देवूनं आपलं टोक घट्ट धरलं होतं. तरी साहेबांच्या बाजूनं बाक भिंतीला टेकेपर्यंत थरथरतच होतं.