धरलेलं मनगट

डॉक्टर नाजियांनी नसबंदीचा फॉर्म दोन बोटांनी सरकवत परत धम्मप्रियासमोर आणून ठेवला आणि चष्मा काढला.

"वय एकोणतीस. लग्नाला सहा वर्षं. अपत्य एकही नाही," त्या म्हणाल्या. "बाई, मी नाही म्हणत नाही. पण असं उठून हो बी म्हणता येत नाही मला."

नांदेडातल्या चौथ्या दवाखान्याची ही पायरी होती. पहिल्या डॉक्टरांनी "आधी एक होऊ द्या, मग बघू" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी तिला बाहेर बसवलं, नवऱ्याला आत बोलावलं आणि घरात काही भांडण आहे का, असं विचारलं. तिसऱ्या बाईंनी तर मनाच्या डॉक्टरची चिठ्ठीच लिहून हातात दिली. मूल पाहिजे म्हणून बाई आली तर तिला कुणी कारण विचारत नाही. नको म्हणून आली, की सगळ्या जगाला पुरावा लागतो. आणि धम्मप्रियाकडे पुरावा म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिला आजार नव्हता, घरात छळ नव्हता, लहानपणी काही भयंकर घडलं नव्हतं. तिला आई व्हायचं नव्हतं, एवढंच. ते कळत्या वयापासून नव्हतं, आणि लग्नाआधी रविकांतला तिने ते सरळ सांगून टाकलं होतं.

रविकांत विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. माणूस कमी बोलणारा. "मी करून घेतो की," असं तो दोनदा म्हणाला होता.

"तुमचं केलं तरी भीती माझ्याच अंगात राहती," ती म्हणाली होती. "ती मला काढायचीय."

भीती खरीच होती. मागच्या साली सगळी काळजी घेऊनही दिवस गेले होते. वेळीच गोळ्या घेऊन ती मोकळी झाली, पण त्यानंतर महिना दोन दिवस पुढे सरकला, तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ती भूकरमापक होती. शेतं मोजायला लोह्या-कंधाराच्या बांधाबांधाने हिंडायची, आणि बांधाचा दगड दाखवायच्या आधी लोक तिची लेकरं मोजायचे. "न्हाईत" म्हटलं की एखादी म्हातारी हळहळून तिच्या पाठीवरून हात फिरवायची. त्या हाताचा तिला राग येत नसे. फक्त थकवा यायचा.

"माझी एक अट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मागं एका मुलीचं ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी तिचं सगळं माहेर दारात. काचा फोडल्या. तेव्हापासून कानाला खडा. माहेरचं कुणीतरी समोर बसून हो म्हणालं पाहिजे. आई आहे?"

"आहे."

"काय करते?"

धम्मप्रियाला हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं.

"आशाताई आहे," ती म्हणाली. "सोळा वर्षं झाली. बायांना ह्याच आपरेशनला आणती."

*

लोह्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत गेलं की तिच्या आईचं, महामायाचं घर. ओट्यावर मनिषा बसली होती. ही गल्लीतलीच. महिन्या-दोन महिन्याला यायची, ओट्याच्या कडेला बसायची, चहा प्यायची आणि काही न बोलता उठून जायची. तिला दोन लेकरं होती. धाकटा वर्षाचा झाला आणि महामायाने तिला आपरेशनच्या कॅम्पला नेलं. पुढे धाकटा चार वर्षांचा असताना तापाने गेला. मनिषाने कधी भांडण काढलं नाही, शिवी दिली नाही. नुसती येऊन बसायची. भांडली असती तर बरं झालं असतं, असं महामाया एकदा म्हणाली होती.

"जयभीम माय," धम्मप्रिया म्हणाली.

"जयभीम. अशी अचानक? जावाई बरे हायत न्हवं?"

"बरे हायत."

महामाया परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. लेकीने उंबऱ्यावर बसूनच सांगून टाकलं. चौथा डॉक्टर, अट, मंगळवारची तारीख, सगळं. मळणारे हात थांबले. पिठाने भरलेल्या उजव्या हाताने महामायाने आपलं डावं मनगट धरलं आणि तशीच बसून राहिली. राग गिळायचा असला की तिची ही लहानपणापासून पाहिलेली सवय. ते मनगट असं धरलेलं दिसलं, की ती आणि धाकटा आनंदराज, दोघं भावंडं गुपचूप अभ्यासाला बसायची.

"कामून?" ती शेवटी म्हणाली.

"नको मला लेकरू."

"कामून नको, ते इचारून राहिले मी."

"भूक न्हाई म्हटल्यावर कामून न्हाई असं इचारतीस का, माय?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला." महामायाने परात बाजूला सारली. "हे मला शिकवू नकोस. सोळा वर्षं लोकांच्या दारी ह्याच कामाला जाते मी. दोन-तीन लेकरं झालेल्या बाईला नेते. रिकामी बाई एक बी नेली न्हाई."

"मी रिकामी न्हाई, माय."

चूल विझत आली होती, तिकडे महामायाचं लक्ष नव्हतं.

"आणि उद्या वाटलं तर?" तिचा आवाज खाली आला. "चाळिशीत वाटलं तर? हे उसवता येत न्हाई बाई. हात दाखवून अवलक्षण हाय हे." तिने दाराकडे मान वळवली. "ती बघ. सात वर्षं झाली, येऊन बसती. तू कुणाच्या दारात येऊन बसशील? माझ्याच न्हवं? मला दोघींचा भार न्हाई पेलायचा."

धम्मप्रियाला वाटलं होतं आई नातवाबद्दल बोलेल, गल्लीबद्दल बोलेल, व्याह्यांबद्दल बोलेल. त्या सगळ्याला उत्तरं तिने बसमध्ये जुळवून ठेवली होती. आई तिच्यावर चिडली नव्हती. आईला भीती वाटत होती, आणि ती भीती ओट्यावर चहाचा कप घेऊन बसली होती.

कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझं येगळं हाय, ताई," मनिषा बाहेरूनच म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. "लेकरू गेलं, त्येचा दोष मी आशाताईला देत न्हाई. मरण कुणाच्या हाती हाय. पण मला त्या दिवशी न्हाई म्हणायचं हुतं. जीपमधून उतरले तवाच म्हणायचं हुतं. आशाताईनं हात धरला हुता, मग म्हणता आलं न्हाई."

एवढं बोलून ती उठली, चपला घातल्या आणि गेली. सात वर्षांत ती पहिल्यांदाच बोलली होती.

महामायाने चुलीत दोन काटक्या सारल्या, फुंकर मारली आणि भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी काठाला फाटली, तशीच तव्यावर टाकली.

"तशी रीतच हाय," ती तव्याकडे बघत म्हणाली. "बाई उपाशी आणायची. तिचे मणी, जोडवी काढून आपल्या पदराला गाठ मारायची. आन् मनगट धरायचं. सिस्टरच्या ताब्यात देईपतूर सोडायचं न्हाई. ऐन टायमाला बाया पळतात."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कोण शिकवणार. मलाबी तसंच नेलं की." तिने भाकरी उलटली. "आनंदराज दीड वर्षाचा हुता, तू चार वर्षांची. मी बावीसची. सासूबाई म्हणल्या, चल लोह्याला, शाळेत सुई द्यायलेत. जाऊन बघते तर आपरेशनच्या रांगेत बाया. मागं सरकले, तर सिस्टरनं हितं धरलं." तिने मनगट दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. "दांडगी बाई हुती. चार दिवस वळ हुता."

"तुला अजून पाहिजे होतं का लेकरू?"

"म्हाईत न्हाई," महामाया म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई, तर मी तरी मला कवा इचारू?"

धम्मप्रियाने आईच्या मनगटाकडे पाहिलं. ज्या सवयीला ती सगळं आयुष्य आईचा राग समजत आली होती, ती कशाची होती ते तिला आत्ता कळत होतं. तिला आईच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. ती उंबऱ्यावरून उठलीही, पण महामायाने तिच्या हातात ताट दिलं आणि म्हणाली, "जेव. गार होईल."

मंगळवारी येशील का, हे विचारायचं राहूनच गेलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. दोन्हीकडे कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या वाळत होत्या. आई येणार नाही असं तिने मनाशी धरून टाकलं, आणि पाचव्या डॉक्टरचं नाव आठवायला लागली.

*

मंगळवारी सकाळी आठला ती आणि रविकांत दवाखान्यात पोचले, तेव्हा महामाया आधीच बाकड्यावर बसलेली होती. कामाची, कडा विटलेली साडी नेसून आली होती. मांडीवर पिशवी. पहिल्या बसने आली असणार.

"उपाशी हायस न्हवं?" एवढंच तिने विचारलं.

"हाव."

केबिनमध्ये डॉक्टर नाजियांनी तिला खुर्ची दिली. महामाया खुर्चीच्या टोकावर टेकली. डॉक्टरांनी सगळं सावकाश समजावून सांगितलं. पुन्हा उघडून जोडायची खात्री नसते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. महामाया मान हलवत ऐकत होती. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तिनेच कितीतरी बायांना सांगितलं होतं, फक्त हे शेवटचं वाक्य ती घाईत म्हणत आली होती.

"तर मावशी, तुमची हो आहे?"

महामायाने पदर सावरला.

"माझ्या मनाला इचाराल, तर न्हाई हाय," ती म्हणाली.

धम्मप्रियाने डोळे मिटले. रविकांतचा हात तिच्या खांद्यापाशी आला आणि तिथेच थांबला. तिला रडू आलं नाही. कुणीतरी दार लावून घेतल्यावर बाहेर उभं राहावं, तसं वाटलं, आणि त्याची तिला आता सवय झाली होती.

"नातू पाहिजे मला," महामाया पुढे म्हणाली. "मरेपतूर पाहिजे वाटंल. हिच्याकडं बघून रोज वाटंल. ते माझं हाय, ते मी बघून घेईन. तुम्ही तिला इचारा. तिची हो हाय का बघा. हाय तर लिहा, कुठं सही करायची ती सांगा."

डॉक्टरांनी धम्मप्रियाकडे पाहिलं.

"हो," धम्मप्रिया म्हणाली.

महामायाने सही केली. सोळा वर्षं फॉर्मांवर करत आली होती तशीच, नावाखाली रेघ ओढून. त्या रेघेला हात जरा लांबला.

वरच्या मजल्यावर हिरवा गाऊन घालून धम्मप्रिया बाहेर आली, तर आई उभीच होती. तिने नेहमीसारखा पदर पुढे धरला. धम्मप्रियाने काळ्या मण्यांची पोत काढून त्यात ठेवली, कानातले ठेवले. एक जोडवं निघेना. महामाया खाली बसली, थुंकी लावून तिने ते हळूहळू फिरवून काढलं, बोट पुसलं आणि सगळ्याची मिळून घट्ट गाठ मारली.

आता आई धरणार म्हणून धम्मप्रियाने आपसूक डावा हात पुढे केला.

महामायाने तो पाहिला. तिचे हात पदराखालीच राहिले.

थिएटरच्या दारातून सिस्टर आली. रोजच्या सवयीने तिने पुढे होऊन धम्मप्रियाचं मनगट पकडलं. "चला, चला लवकर."

"सिस्टर," महामाया म्हणाली, "धरू नका तिला. ती येती."

सिस्टरने हात सोडला आणि पुढे निघाली.

थिएटरपर्यंत दहा-बारा पावलांचं अंतर होतं. फरशी गार होती. धम्मप्रिया मधेच एकदा थांबली. पाठीमागून कुणी ढकललं नाही, कुणी हाक मारली नाही. हवं तर इथून वळता येतं, हे तिला पायांत कळलं. आणि मग ती पुढे चालायला लागली.

दार ढकलताना तिने मागे वळून पाहिलं. रविकांत भिंतीला टेकून उभा होता. आई बाकड्यावर बसली होती. मांडीवर पदराची गाठ होती, आणि उजव्या हाताने तिने स्वतःचं डावं मनगट धरून ठेवलं होतं. बोटं पांढरी पडेपर्यंत.