चेलोचे रविवार

तरुणपणी कंपनीने हेमचंद्रांना मशीनचं काम शिकायला जर्मनीला धाडलं होतं. ते मशीन शिकून आलेच, वर व्हायोलिन कॉन्चेर्टोचं, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या व्हायोलिनने रंगवायच्या रचनांचं, वेडही घेऊन आले. अंबरनाथच्या त्या कॉलनीत असलं संगीत कोण ऐकणार? शेजारच्या सगुणाबाई त्यांच्या बायकोला विचारायच्या, "काय कुंदाताई, तुमचं मांजर परत रडाया लागलं का?"

ऐकायला यायचे ते एकटे विष्णुपंत, कंपनीतले जुने सहकारी, पलीकडच्या कात्रपहून, दर रविवारी सकाळी. रचना एकच, वादक निरनिराळे. कॅसेट कुंदाने लावायची, डेकवर रुमाल टाकायचा आणि वादकाचं नाव शेवटपर्यंत सांगायचं नाही. "नाव कळलं की कान मिंधे होतात," हा हेमचंद्रांचा कायदा. मग ते दहापैकी गुण देत आणि विष्णुपंत मान डोलवत. रिटायर झालेल्या साहेबाकडे मानाची तेवढीच एक खुर्ची उरली होती.

होळीच्या सुमारास त्यांनी आपल्याच सगळ्यात लाडक्या वादकाला तीन गुण दिले. "मरगळलेला हात! वरच्या सुरांत जीवच नाही." कुंदाला एकदम उलगडा झाला. कुकरच्या शिट्ट्यांकडे हा माणूस लक्ष देत नाही म्हणून ती इतके दिवस चिडत होती. मशीनच्या खडखडाटात जन्म गेलेल्या त्या कानांना उंच, बारीक आवाज ऐकू येतच नव्हता.

तिने भलत्याच वादकाचं नाव सांगून वेळ मारून नेली. पुढच्या रविवारी म्हणाली, "व्हायोलिनच्या कॅसेटींना बुरशी लागलीय हो." तेव्हापासून नुसता चेलो, व्हायोलिनचाच थोराड भाऊ. त्याचे जाडे, खालचे सूर त्यांना ऐकू यायचे. आठ, नऊ, साडेनऊ! स्वारी खूश होती आणि कुंदा रोज मनातून मरत होती.

पण झाकलेलं किती दिवस झाकणार? दिवाळीनंतर विष्णुपंत जावयाने लंडनहून आणलेली व्हायोलिनची नवीकोरी कॅसेट घेऊन हजर झाले. कुंदाने निमूटपणे ती लावली, रुमाल टाकला.

ऑर्केस्ट्रा दणक्यात वाजत होता तोवर हेमचंद्र डोळे मिटून बोटाने ताल धरत होते. मग ऑर्केस्ट्रा थांबला. एकटं व्हायोलिन हलकेच, सुतासारखं बारीक होत वर वर चढू लागलं. विष्णुपंतांचे डोळे भरून आले.

"अडकली वाटतं," हेमचंद्र म्हणाले. टेप गुंडाळायला त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, रुमाल उचलला आणि वाकले.

डेकच्या काचेमागे दोन्ही चाकं सावकाश फिरत होती. ते बघतच राहिले.

"चालू आहे?"

"हो," कुंदा म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी रुमाल पुन्हा नीट पसरला. पेन्सिल खिशात ठेवून खुर्चीत बसले.

"विष्णुपंत, आज गुण तुम्ही द्या." मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "कुंदा, चेलोला दिलेले तरी बरोबर होते ना गं?"

कुंदाने जोरजोरात होकाराची मान हलवली. चेलोतलं तिला काय कळत होतं!