मुका खो

आमचे आबा रात्रपाळीला होते, म्हणून माझ्या बहिणीला तो खेळ सुचला.

बमरोली या यंत्रमागांच्या वस्तीत आमची एकच खोली होती. आबा मागावरून सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यानंतर घरात आवाज करायचा नाही, हा मायचा एकमेव कायदा. माय दाराशी बसून साड्यांना टिकल्या लावायची. आम्ही दोघी, वर्षाअक्का आणि मी दिपाली, दुपारची शाळा भरेपर्यंत खोलीत कोंडलेल्या. बाहेर गल्लीत खेळायचं म्हटलं तर एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कापडाचे ताके वाहणारे टेम्पो.

अक्काला खो-खोचं वेड होतं. मराठी शाळेच्या संघात ती पळायची, आणि पळायची म्हणजे काय, हाताला लागायचीच नाही. घरात बसून राहणं तिला जड जाई. एक दिवस तिने आबांनी कारखान्यातून आणलेल्या, सूत गुंडाळायच्या तुटक्या बॉबिन घेतल्या, खडूने फरशीवर मैदान आखलं आणि बॉबिन ओळीने मांडल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अगदी मैदानावर मुली बसतात तशा. कुठली कुणीकडे बघतेय ते कळावं म्हणून एका अंगाला लाल दोरा बांधला. पळणारे तीन गडी म्हणजे तीन चिंचोके. ती बॉबिन सरकवायची, मी चिंचोके पळवायचे. खो द्यायचा तर तोंडातून शब्द काढायचा नाही, बसलेल्या बॉबिनवर नखाने एक टिचकी मारायची. त्या खेळाला आम्ही ‘मुका खो’ म्हणायचो.

नियम असे काही नव्हते. भांडणच जास्त. “तू आउट,” “नाही, मी कधीच निसटले,” हे सगळं कुजबुजत. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. शेवटी चिमटे काढून निकाल लागायचा. पुढे आम्ही मोठ्या झालो, आबांची पाळी बदलली, बॉबिन कुठे गेल्या कुणास ठाऊक. मी लग्न होऊन सचिन या गावी गेले, ब्लाउज शिवायला लागले. अक्का बमरोलीतच राहिली. साड्यांचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला लागली आणि तिथली कटिंगची मुख्य बाई झाली. पुठ्ठा हातात घेतला की त्याची घडी कुठे मोडेल आणि कुठे फाटेल, हे तिला न बघता कळतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात जिन्यावरून घसरून तिचा पाय मोडला. प्लास्टर घातलं. मी भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर बसून, मांडीवर सफेद पुठ्ठा घेऊन पट्टीने रेषा मारत होती.

“काय करी राहिनी व?” मी विचारलं. घरात आम्ही अजून अहिराणीच बोलतो.

“मुका खो आठवतो का तुला?” ती म्हणाली. “नीट करायचाय. भांडण न होता खेळता येईल असा.”

मला वाटलं, पडून पडून कंटाळली असेल, चार दिवसांचा नाद आहे. पण पुढच्या रविवारी गेले तर पुठ्ठ्याचं सुरेख मैदान तयार होतं. दोन टोकांना खांब, मधून पट्टी, पट्टीवर आठ चौकोन. पुठ्ठ्याचेच गडी, घडी घालून उभे राहणारे, प्रत्येकाच्या एका अंगाला डोळे काढलेले. साडीच्या खोक्यावरचा सोनेरी कागद कापून खांबांना गुंडाळला होता. फासा मात्र बाजारचा होता. योगराजदाजी, म्हणजे अक्काचा नवरा, पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला असतात. येताना त्यांनी तो आणला होता.

आम्ही खेळलो. फासा टाकायचा, पडेल तितकी घरं पुढे. दाजींनी मला तिन्ही वेळा पकडलं आणि खूश झाले. अक्काने मात्र फासा उचलून खिडकीत ठेवला.

“का गं?” मी म्हटलं. “चांगला चाललाय की.”

“हे नशीब झालं. खो-खोत कुणी फासा टाकत नाही, दिपे. मला कुणी पकडायचं तर तिने डोकं चालवून पकडायचं.”

फासा काढला आणि खेळ बंदच पडला. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने, असं केलं की पळणाऱ्याला समोरचं सगळं दिसतं, तो सापडतच नाही. पाठलाग करणाऱ्याला दोन चाली दिल्या की पळणारा वाचतच नाही. अक्का दिवसभर एकटी दोन्ही बाजूंनी खेळत बसायची. दाजी कामावरून आले की त्यांना बसवायची. ते बिचारे डोळे चोळत खेळायचे आणि हरले की जेवायला मागायचे.

त्याच दिवसांत एका दुपारी आबा आले. दोन गल्ल्या सोडून ते माझ्या धाकट्या काकांकडे राहतात. माय गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालंय, आणि आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे ऐकूही कमी येतं. त्यांनी पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक गडी धरून त्याच्या डोक्यावर नखाने हलकी टिचकी मारली.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तो खेळ त्यांना माहीतच नाही, असं आम्ही समजत होतो. आम्ही खेळायचो तेव्हा ते झोपलेले असायचे.

“मी रोज जपेल नव्हतू,” आबा म्हणाले. म्हणजे, मी रोज झोपलेलो नसायचो.

“मग आम्हाला सांगितलं का नाही?” अक्काने मोठ्याने विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबल्या असत्या.” मग ते माझ्याकडे वळले. “डावात चोरी तूच करायचीस.”

अक्का इतकी हसली की तिचा प्लास्टरचा पाय पलंगावर आपटला. मी चहा करायला उठले, कारण चोरी मीच करायचे. पण चहा करताना मला आबांचं ते भिंतीकडे वळलेलं तोंड सारखं डोळ्यांसमोर येत होतं. बारा तास उभं राहून आलेला माणूस, आणि पोरींचा डाव मोडू नये म्हणून श्वास रोखून ऐकत पडलेला.

प्लास्टर निघालं, पण काठी होती. एका संध्याकाळी अक्का म्हणाली, “मला मैदानावर घेऊन चल.” आम्ही रिक्षाने आमच्या जुन्या शाळेजवळच्या मैदानात गेलो. तिथे किसन सर अजून मुलींना खो-खो शिकवतात. केस पिकलेत, पण शिट्टी तीच. त्यांनी अक्काला लगेच ओळखलं. “वर्षा, काठी टाक आणि पळ,” म्हणाले, आणि तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

अक्का तासभर बघत बसली. मी मुलींकडे बघत होते. ती मात्र त्यांच्या पायांकडे बघत होती. पार्वती नावाची एक काटकुळी मुलगी पळत होती, परभणीकडच्या बांधकाम मजुरांची. ती सापडता सापडत नव्हती. सुट्टी झाल्यावर अक्काने तिला जवळ बोलावलं.

“कुठे वळायचं ते तू कधी ठरवतेस?”

पार्वतीला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, “ठरवायला वेळ कुठे असतोय, मावशी? ती निघते तवाच मी निघते. तिला वाटतं मी इकडं जाणार. तिचं चुकलं तर मी वाचते, माझं चुकलं तर ती मला धरते.”

“म्हणजे दोघी एकदमच?”

“मग काय. आधी ती, मग मी, असं केलं तर त्याला खेळ कोण म्हणंल?”

घरी पोचल्यावर अक्काने काठी दाराशी टेकवली आणि कात्री मागितली. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तिने पत्ते कापले. पळणाऱ्याचे पत्ते: पुढे, मागे, आत. आत म्हणजे बसलेल्या दोन गड्यांमधून पट्टी ओलांडून पलीकडे. पाठलाग करणाऱ्याचे दोनच: धाव आणि खो. दोघांनी आपापला पत्ता निवडून पालथा ठेवायचा, आणि एकदम उघडायचा. आधी कुणी नाही, मागून कुणी नाही.

आम्ही खेळायला बसलो. मी ‘आत’ ठेवला, तिने ‘खो’. पत्ते उघडले तर पलीकडे तोंड करून बसलेला तिचा गडी नेमका माझ्यापुढे उभा. मी आउट झाले. पुढच्या वेळी मी तिला फसवलं. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत इतका वेळ बसलो की दाजी म्हणाले, “अगं, कुणीतरी पत्ता टाका.” लहानपणी फरशीवर जे होत होतं, तेच होत होतं, पण चिमट्यांची गरज उरली नव्हती.

श्रावणात कानबाईच्या सणाला आमचं सगळं गोत अक्काच्या घरी जमलं. उधना, लिंबायत, नवागाम, जिथे जिथे आमचे लोक आहेत तिथून आले. बायका नैवेद्याच्या रोटाचं बघत होत्या, पुरुष रिकामे. अक्काने खेळ काढला. थोड्या वेळात दोन रांगा लागल्या आणि माणसं आपापल्या बाजूने ओरडायला लागली. मी अक्काकडे अभिमानाने बघत होते, तेवढ्यात आमचा चुलतभाऊ सुकलाल खेळायला बसला. तो आपला गडी खांबाजवळ घेऊन गेला आणि तिथेच पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. पाठलाग करणारा खांबाला वळसा घालायचा तोवर हा पलीकडे. कितीही खेळा, तो सापडेना. लोक कंटाळून उठले. “वर्षा, तुझा खेळ फुसका आहे,” सुकलाल म्हणाला, आणि सगळे हसले.

मला फार वाईट वाटलं. अक्का मात्र त्याच्याजवळ काठी टेकत जाऊन बसली. “परत दाखव,” म्हणाली. त्याने दाखवलं. तिने परत दाखवायला लावलं. मग त्याला बुंदी वाढली आणि म्हणाली, “बरं झालं तू आलास. हे भोक मला सापडलं नसतं.”

मला हे कधीच जमलं नसतं. माझ्या शिवलेल्या ब्लाउजला कुणी नाव ठेवलं तर मी दोन दिवस त्या बाईशी बोलत नाही. कानबाईचं विसर्जन झालं त्या आठवड्यात अक्काने नवा नियम केला: खांबाजवळ लागोपाठ दोन पत्ते टाकले की तिसरा ‘आत’च टाकायचा. सुकलालला बोलावून तिने तो त्याच्यावरच तपासला.

कामावर परत गेल्यावर तिने शेठला खेळ दाखवला. शेठ भला माणूस. दुपारच्या सुट्टीत त्याने तिच्याशी दोन डाव खेळले आणि दोन्ही हरला. “बेन, गेम सारी छे,” तो म्हणाला, “पण पासा वगर कोण लेशे?” खेळ चांगला आहे, पण फाशाशिवाय कुणी घेणार नाही, फासा घाल, रंगीत प्लॅस्टिकचे गडी कर, मी छापून बाजारात आणतो, असं त्याचं म्हणणं. अक्काने विचार करायला एक रात्र घेतली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला नम्रपणे नाही सांगितलं आणि वर विचारलं की कापताना उरलेले पुठ्ठ्याचे तुकडे मी नेऊ का. शेठ हसला, म्हणाला, ने.

तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी बसून खेळ बनवते. घड्या ती घालते, डोळे मी काढते, पत्ते दाजी कापतात, आणि वाकडे कापले म्हणून बोलणी खातात. एक संच आबांकडे आहे. ते काकांबरोबर खेळतात. शेजारच्या खोलीत ओडिशाचे कारागीर राहतात, त्यांनी एक नेला. पत्त्यांवर शब्दांऐवजी बाण काढून दे म्हणाले, तर तिने बाण काढून दिले. आता सगळ्याच संचांवर बाण असतात. किसन सरांनी शाळेसाठी चार मागून घेतले. पाऊस असला की मुली वर्गात बसून त्यावर सराव करतात.

परवा सरांनी आम्हाला शाळेत बोलावलं. अक्का आता काठीशिवाय चालते, जरा लंगडते. वर्गात जमिनीवर पार्वती बसली होती, तिच्यासमोर अक्का बसली. खेळ ज्याने बनवला त्याला कोण हरवणार, असं मला वाटत होतं. पार्वतीचे दोन गडी अक्काने पटापट पकडलेही. तिसरा राहिला. पार्वतीने ‘मागे’ टाकला, परत ‘मागे’ टाकला, अक्काच्या गड्याच्या अगदी पाठीला चिकटून. पुढे पळायचं सोडून ती पाठलाग करणाऱ्याच्याच मागे राहिली. त्याला तर उलटं वळता येत नाही. अक्काने खो दिला, पार्वती आत सरकली, पुन्हा उठलेल्या गड्याच्या पाठीमागेच. परत खो, परत आत. पाळीच्या ठरलेल्या चाली संपल्या, गडी जिवंत.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. अक्का पटाकडे बघत राहिली. हे तिने केलेल्या नियमांमध्येच होतं, आणि तिला कधी दिसलं नव्हतं.

“असं मैदानावर करतेस?” तिने विचारलं.

“नाही,” पार्वती म्हणाली. “हितंच सुचलं. उद्या मैदानावर करून बघते.”

अक्काने गडी पुन्हा ओळीने लावले, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे, आणि पार्वतीचे पत्ते तिच्या हातात परत दिले.

“हळू खेळ आता,” ती म्हणाली. “मला शिकायचंय.”